पत्रा पक्का, माती कच्ची

सरकारी पाहणीचा माणूस घरासमोर उभा राहतो तेव्हा भिंतीला हात लावून बघत नाही. भिंत कशाची आहे एवढं विचारतो आणि त्याप्रमाणे खूण करून पुढच्या दाराशी जातो. जनगणनेच्या व्याख्येत मातीची किंवा न भाजलेल्या विटांची भिंत म्हणजे कच्चं बांधकाम. भाजलेली वीट, काँक्रीट, चुन्या-सिमेंटात बसवलेला दगड म्हणजे पक्कं. इथवर कुणाची तक्रार नसावी. पण त्याच पक्क्याच्या यादीत पत्राही आहे. म्हणजे जिच्या आड मे महिन्यातल्या दुपारी माणूस गाढ झोपू शकतो ती दोन फूट जाडीची मातीची भिंत कच्ची, आणि त्याच दुपारी हात लावला तर चटका देणारा, धड मिलिमीटरभरही जाड नसलेला पत्रा पक्का.

मला हा विनोद वाटत नाही. गेल्या तीस वर्षांत आमच्या लातूर जिल्ह्यात, आणि मला वाटतं मराठवाडा-विदर्भातल्या बहुतेक गावांत, जी घरं उभी राहिली ती या यादीने बांधली आहेत. घर किती गार राहतं, दुरुस्त करायला किती सोपं, हादऱ्यात उभं राहील का, बांधणाऱ्याला किती वर्षं कर्जात ठेवील, यातला एकही प्रश्न यादीत नाही. स्वस्त आणि टिकाऊ घराची चर्चा आपण नेहमी सामानापासून सुरू करतो: बांबू का माती, फ्लाय अ‍ॅशची (कोळशाच्या राखेची) वीट का लाल वीट. माझं म्हणणं असं की आधी 'पक्कं' हा शब्द दुरुस्त करायला हवा. तो दुरुस्त झाल्याशिवाय साध्या माणसाला परवडणारं आणि राहण्यासारखं घर बांधता येणार नाही, मग वास्तुविशारद कितीही चांगला मिळो.

आधी हिशोब बघू. ग्रामीण घरकुलासाठी केंद्राच्या योजनेत सपाटीच्या भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. घर किमान 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. फुटांत सांगायचं तर 269 चौरस फूट. म्हणजे फुटाला साधारण साडेचारशे रुपये. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे बारा हजार वेगळे धरले तरी आकडा फार हलत नाही. आमच्या भागात कॉलम-बीम-स्लॅबचं काम पंधराशेच्या खाली बोलायला आज कुणी ठेकेदार तयार होत नाही. त्या भावाने 269 फुटांचे चार लाख होतात. मधले पावणेतीन लाख कुठून येतात हे गावात कुणाला विचारायची गरज नाही. बचतगट, सावकार, मुकादमाची उचल, नाहीतर बायकोच्या अंगावरचं. जमलं नाही तर जोत्यावर थांबलेलं, सळयांना गंज चढलेलं घरकुल.

गंमत अशी की योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्क्या घराचा अर्थ शहाणपणाचा आहे: नेहमीचा वापर, ऊन-पाऊस सोसून, वाजवी देखभालीवर किमान तीस वर्षं टिकेल ते. त्यात स्लॅबची सक्ती नाही, उलट स्थानिक सामान वापरायला उत्तेजन आहे. ग्रामविकास मंत्रालयाने वेगवेगळ्या प्रदेशांसाठी घरांचे नमुनेही तयार करून घेतले. पण हप्ता सुटतो तो फोटोवर. जोतं, मग लिंटेल (दारं-खिडक्यांवरची आडवी तुळई), मग छत. फोटो काढणाऱ्याच्या आणि तो मंजूर करणाऱ्याच्या डोक्यात छत म्हणजे स्लॅब. कागदावरचा शहाणपणा तालुक्याला येईपर्यंत सिमेंटचा होतो.

आता सळयांकडे वळतो, कारण त्या मला फार छळतात. लातूरहून कुठल्याही दिशेला बाहेर पडा, रस्त्याकडेच्या प्रत्येक स्लॅबवर चार-सहा ठिकाणी सळयांचे झुपके आभाळाकडे तोंड करून उभे दिसतील. वरचा मजला चढवायचा आहे. कधी? पोरं मोठी झाली की. पोरं मोठी झाली, पुण्याला कंपनीत लागली, तिथे वन-बीएचके भाड्याने घेऊन राहतात. सळया तांबूस झाल्या, त्यांच्यावाटे पाणी स्लॅबमध्ये उतरलं, आतलं लोखंड फुगून गिलावा सुटायला लागला. न येणाऱ्या मजल्यासाठी आपण कॉलम घेतो, त्यांच्यासाठी खोल खड्डे घेतो, वर बीम घेतो. पाचशे फुटांच्या एकमजली घराला यातलं काही लागत नाही. भिंतीच छत उचलतात. हजार वर्षं उचलत आल्या आहेत.

पण हे गवंड्याला सांगून बघा. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, दोन वर्षांपूर्वी गावात घर बांधायला काढलं तेव्हा मी हे मिस्तरींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, दादाकडे बघून म्हणाले, "कॉलम नाही घेतलं तर पोरं उद्या वर कसं बांधतेल?" दादाला दोन्ही मुलीच. तो गप्प बसला.

या सगळ्या बोलण्याला आमच्याकडे एक उत्तर ठरलेलं असतं, आणि ते एका शब्दाचं असतं. किल्लारी.

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला आले होते तेव्हा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी पाचवीत होतो. आमचं गाव हानीच्या कडेला होतं, माणूस गेला नाही, पण माळवदाच्या आमच्या घराची मागची भिंत पोट फुगल्यासारखी बाहेर आली आणि पडली. वडील पुढचं वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली झोपले. तेव्हा किल्लारीचं नाव काढणाऱ्याला मी 'तुम्हाला काही कळत नाही' असं म्हणणार नाही. त्या रात्रीनंतर दगड-माती हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा झाला.

तरी, मारलं कशाने हे नीट बघायलाच हवं. आमच्या जुन्या भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहून जाड. पण ती एक भिंत नसे. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे बारीक दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसला तसे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि ढासळले. वर माळवद. लाकडी कड्यांवर फळ्या, त्यावर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्यावर खारी माती टाकायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, जुनी कुणी काढली नाही. दोन पिढ्यांत छपरावर टनावारी वजन साचलं. मात्र ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा नीट होता तिथे बऱ्याच ठिकाणी सांगाडा छपर घेऊन उभा राहिला आणि भिंती तेवढ्या पडल्या, हे नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे गुन्हा एकट्या मातीचा नव्हता. बांधणी चुकत गेली होती, आणि आमचा भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात धरला जात असल्याने ती कुणी तपासलीच नव्हती. तो पट्टाच 2002 साली रद्द झाला आणि आमचा भाग मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात गेला.

याच 1993 साली भारतीय मानक संस्थेने दोन पुस्तिका काढल्या: आयएस 13827 मातीच्या घरांना भूकंपात टिकवण्यासाठी, आयएस 13828 दगड-विटांच्या साध्या बांधकामासाठी. त्यांत काही जादू नाही. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे घराभोवती सलग पट्टे फिरवा, कोपऱ्यांत उभी सळई द्या, उघडी तोंडं कोपऱ्यापासून लांब ठेवा, छपर हलकं करा. ही माहिती तीस वर्षांत आमच्या मिस्तरींपर्यंत जेवढी पोचायला हवी होती तेवढी पोचली नाही. पोचला तो एकच धडा: स्लॅब टाका. तोही अर्धवट, कारण 2001 साली भुजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांबच्या अहमदाबादेत कॉलम-स्लॅबच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि कच्छच्या बन्नीतले भुंगे, म्हणजे तिथली मातीची गोल घरं, पुष्कळसे उभे राहिले. काँक्रीट नीट बांधलं तर तारतं, मातीचंही तसंच.

पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या धारणेप्रमाणे 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांची घरं, शहरातल्या कॉलनीसारखे सरळ रस्ते. घर सुरक्षित झालं हे खरं, त्याबद्दल नाक मुरडणं हा कृतघ्नपणा ठरेल. पण बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, उन्हाळ्यात कुठे निजायचं, हे त्या नकाशाला सुचलं नव्हतं. नव्या गावांतून फिरलात तर प्रत्येक घराला मागे-पुढे पत्र्याच्या पडव्या चिकटलेल्या दिसतील. लोकांनी आपला आराखडा नंतर स्वतःच पुरा केला, मिळेल त्या सामानात.

मातीच्या बाजूने बोलणारे शहरी लोक मला एका बाबतीत पटत नाहीत, तेही सांगून टाकतो. मातीचं घर म्हटलं की त्यांना सारवलेली जमीन आठवते, शेणाचा वास, पायाला लागणारा गारवा. सारवायला कोण बसायचं? आमची आई आठवड्यातून दोनदा बसायची, दिवाळीआधी भिंतींनाही हात फिरवायची, आणि तिची मनगटं आज तिला पोळपाट धरू देत नाहीत. फरशी आली तेव्हा तिला झालेला आनंद मी बघितला आहे. सुनेच्या मनगटावर उभं असलेलं घर टिकाऊ नसतं. आणखी एक. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या कुडाच्या भिंतीखेरीज काही बांधता आलं नाही. त्या वस्तीतला माणूस स्लॅब मागतो तेव्हा सिमेंट त्याच्या नजरेत नसतं, मान असतो. पुण्याजवळ डोंगरात हौसेने मातीचा बंगला बांधणाऱ्याने त्याला 'परंपरा जपा' म्हणून सांगू नये. त्याला मान आणि गारवा दोन्ही मिळतील असं घर दाखवावं. तसं घर आहे, आणि त्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

केरळात लॉरी बेकर या वास्तुविशारदांनी ते करून दाखवलं. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा माणूस 2007 साली वारला तोवर तिरुवनंतपुरम आणि आसपास त्याने मच्छीमारांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांची घरं बांधली होती. घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हे गांधीजींचं बोलणं ते आयुष्यभर सांगत राहिले. विटांमध्ये भोकं ठेवून बांधलेली त्यांची जाळीची भिंत उचलून मराठवाड्यात आणली तर वैशाखात घरभर धूळ होईल, तेव्हा नक्कल नको. पण दोन युक्त्या कुठेही चालतात. एक म्हणजे रॅट ट्रॅप बाँड. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, मधे पोकळी राहते. नऊ इंची भिंत होते, विटा सुमारे पाव हिस्सा कमी लागतात, आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. दुसरी फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागातला ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट नुसतं भर म्हणून असतं. त्या भरीच्या जागी जुनी मंगळुरी कौलं ठेवली की सिमेंट वाचतं, वजन उतरतं, आणि खालून छत बघायलाही बरं दिसतं.

दादाचं घर शेवटी असंच झालं, पुष्कळ भांडून. 480 फुटांचं. काळ्या रानात पाया म्हणजे आमच्याकडे डोकेदुखी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचं जोतं हलवते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदलं, काळी माती काढून मुरूम भरला, त्यात कंजूसपणा केला नाही. जोतं आमच्याच पडक्या भिंतीच्या दगडाचं, आरपार दगड टाकून, वर काँक्रीटचा पट्टा. भिंती परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटांच्या, रॅट ट्रॅप पद्धतीने, कोपऱ्यांच्या पोकळीत उभ्या सळया, लिंटेलला आणि छताखाली पट्टा. बाहेरून गिलावा नाही, आतून एकच हात. छत फिलर स्लॅबचं, वर चुन्याचे दोन हात. पश्चिमेला सात फुटी पडवी, म्हणजे दुपारचं ऊन भिंतीपर्यंत येतच नाही. जमिनीला शहाबादी, वहिनींच्या आग्रहाने, आणि त्यांचा आग्रह बरोबर होता.

मिस्तरींना उभ्या विटेची भिंत शिकायला आठ दिवस गेले. पहिली भिंत आम्ही दोनदा पाडली. काम ठरल्यापेक्षा दोन महिने लांबलं, आणि त्या दोन महिन्यांत दादा माझ्याशी नीट बोलत नव्हता. खर्च मात्र ठेकेदाराच्या पहिल्या आकड्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी आला. फार मोठी बचत नाही, कबूल. पण मागच्या मे महिन्यात शेजारच्या स्लॅबच्या घरातली माणसं रात्री बाराला अंथरूण घेऊन बाहेर येत होती. साध्या चार-पाच इंची स्लॅबमधून दिवसाची आच संध्याकाळपासून खाली उतरायला लागते आणि रात्रभर उतरत राहते. दादाकडे पंखा पुरला. हैदराबादला जाणाऱ्या आमच्या नातेवाइकाने सांगितलं की तेलंगणाने 2023 साली थंड छपरांचं धोरणच केलं आहे, पांढऱ्या छताचं. आपल्याकडे चुना आहे, ऊन तर आहेच.

बँकेचं दार मात्र उघडलं नाही. ज्या बँकेत दादा गेला तिथल्या मूल्यांकन करणाऱ्याने 'कॉलम नाहीत' म्हणून घराची किंमतच धरली नाही. काँक्रीटचे तीन पट्टे आणि कोपऱ्यांतल्या सळया त्याच्या छापील फॉर्मात बसत नव्हत्या. कर्ज सोसायटीतून आणि बहिणीकडून उभं राहिलं. मला वाटतं खरी अडवणूक ही आहे. घर सुचवणारे पुष्कळ आहेत, बांधून बघणारेही आहेत. त्यावर शिक्का मारणारा नाही. घरकुल योजनेत गवंड्यांना प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. तिथे उभ्या विटेची एक भिंत आणि फिलर स्लॅबचा एक गाळा सक्तीचा करायला नवा कायदा लागत नाही. पाहणीच्या फॉर्मात 'भिंत कशाची' याच्या शेजारी 'पट्टे आहेत का' एवढा रकाना वाढवायला किती खर्च येतो? हप्त्याच्या फोटोत छताचा रंग पांढरा मागायला?

त्याउलट जिथे पैसा आहे तिथे तो उलट्या टोकाने येतो. छतावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवायला केंद्र 78 हजारांपर्यंत अनुदान देतं. द्यावंच. पण तापलेल्या स्लॅबवर पॅनेल बसवून खाली एसी चालवायचा याला टिकाऊपणा म्हणणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतत राहण्यासारखं आहे. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, त्यातला निम्म्याहून जास्त तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. भट्टी कितीही सुधारली तरी तो राहणारच. ते कमी करायचं तर आधी नको तिथला कॉलम टाळायचा. हे मी दादाला सांगितलं नाही. त्याला उकाड्याचं आणि पैशाचं सांगितलं.

पाण्याचंही असंच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, देशभर फोटो झाले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होतं. दादाच्या 480 फुटी छतावर सातशे मिलिमीटर पावसात, सांडलवंड वजा करून, पंचवीस हजार लिटर उतरतं. म्हणजे अशा वीस छतांचं एका वर्षाचं पाणी. ती गाडी ज्या शहरात आली तिथली छतं आजही पन्हाळीतून रस्त्यावर सांडतात, माझ्या भाड्याच्या घराचंही. दादाने पडवीखाली दहा हजार लिटरचा हौद घेतला, बाकीचं बोअरजवळच्या खड्ड्यात सोडलं. हौदावर झाकण आहे, झाकणावर आई बसते.

एका गोष्टीत मात्र माझं चाललं नाही. स्लॅब टाकायच्या दिवशी मी शाळेतून पोचेपर्यंत मिस्तरी आणि दादा यांनी मिळून चार कोपऱ्यांवर चार झुपके ठेवून दिले होते. खाली कॉलमच नाहीत, वर मजला कशावर चढणार, हे विचारलं तर दोघं हसले. "असू दे की," दादा म्हणाला, "लोक विचारत्यात." आता वहिनी त्या सळयांना दोरी बांधून कपडे वाळत घालतात.